टायरला ग्रिप आहे, पण तारीख कोणती? जुन्या गाडीच्या चाकांचा हिशेब

मे महिन्यात गावी जायचे ठरते. पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली बारा वर्षांची लहान गाडी बाहेर काढली जाते, धुतली जाते, ऑइल आणि कूलंट बघितले जाते. टायरपाशी आल्यावर मालक वाकतो, खाचांत बोट घालून बघतो आणि समाधानाने उठतो. ग्रिप भरपूर आहे. गाडी वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालते, मग टायर झिजणार तरी कसे? चार माणसे, डिकी भरून सामान, टपावर आणखी दोन बॅगा, आणि बाहेर बेचाळीस अंश. गाडी समृद्धी महामार्गाला लागते.

मालकाने जे तपासले ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. त्याच टायरच्या बाजूवर आणखी चार आकडे कोरलेले होते आणि ते वाचायचे राहून गेले. फार चालणाऱ्या गाडीचा टायर झिजून जातो आणि झीज डोळ्यांना दिसते. फार न चालणाऱ्या गाडीचा टायर म्हातारा होतो आणि म्हातारपण खाचांत दिसत नाही. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत दहा-पंधरा वर्षांच्या असंख्य गाड्या अशाच आहेत. रोजच्या कामाला दुचाकी किंवा मेट्रो, आणि गाडी फक्त लग्नकार्याला, गणपतीला, दिवाळीला. त्यांचा खरा प्रश्न झिजेचा नसून वयाचा आहे.

टायरची जन्मतारीख कुठे असते?

टायरच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजीत डी-ओ-टी ही अक्षरे असतात. त्यांच्यापुढे अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ असते आणि तिच्या शेवटी, बहुधा लांबट गोल चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुमारास तयार झाला. बऱ्याच टायरवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला बसवलेली असू शकते. बाहेरून दिसले नाहीत तर मोबाइलचा टॉर्च लावून चाकामागून फोटो काढायचा. पाचही टायरची तारीख अशी दहा मिनिटांत कळते. पाचवा म्हणजे स्टेपनी, आणि बहुतेक वेळा सर्वांत जुना टायर तोच निघतो.

किती वर्षे चालतो? याचे एकच उत्तर नाही. टायर बनवणाऱ्या मिशेलिनचा सल्ला असा आहे की वापराची पाच वर्षे झाल्यावर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनी, कितीही चांगला दिसला तरी, काढून टाकावा. काही वाहन कंपन्या सहा वर्षांचीच मुदत सांगतात. आपल्याकडचे ऊन, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या आणि रस्त्यांवरचे खड्डे बघता दहा वर्षांपर्यंत ताणण्यात अर्थ नाही. पाच वर्षांपासून दरवर्षी तपासणी आणि सात-आठ वर्षांच्या आत बदल, हा मध्यम मार्ग शहाणपणाचा.

न चालवताही टायर का खराब होतो?

रबर हवेतल्या ऑक्सिजनशी आणि ओझोनशी सतत झटत असते. ऊन आणि उष्णता या प्रक्रियेला वेग देतात. रबर टिकावे म्हणून त्यात मेणासारखे पदार्थ आणि काही संरक्षक रसायने मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, पुन्हा उठतो, तसे ते पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पातळ थर धरतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे काम थांबते. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरच्या बाजूवर बारीक चिरा लवकर पडतात. नाचणीची भाकरी तव्यावर जास्त वेळ राहिली तर कडेला जशा भेगा पडतात, तशा.

चिरा दिसतात ते एका अर्थी बरे. न दिसणारे नुकसान जास्त धोक्याचे. रेडियल टायरच्या पट्ट्याखाली पोलादी तारांचे थर असतात आणि ते रबरानेच एकमेकांना धरलेले असतात. ते रबर कडक झाले की पकड सैल होत जाते. शहरात चाळीसच्या वेगाने फिरताना काहीच कळत नाही. महामार्गावर मात्र हिशेब बदलतो. चौदा इंची रिमवरचा साधारण लहान टायर ताशी शंभर किलोमीटर वेगाला मिनिटाला साडेआठशेहून अधिक फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात तो जमिनीला टेकताना चपटा होतो आणि सुटताना पुन्हा गोल होतो. या वाकण्यातून उष्णता तयार होते. तासभर सलग तसे चालले, त्यात हवा कमी आणि ओझे जास्त असले, की थर सुटू लागतात आणि वरचा पट्टा सोलून निघतो किंवा टायर फुटतो.

हॉलीवूड अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेला, त्या २०१३ मधल्या घटनेची चौकशी या संदर्भात आठवण्यासारखी आहे. अपघाताचे मुख्य कारण बेफाम वेग, असेच चौकशी अधिकाऱ्यांनी म्हटले. पण त्या महागड्या स्पोर्ट्‌स कारचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्याचा गाडीच्या नियंत्रणावर परिणाम झाला असावा, हेही अहवालात नोंदले गेले. गाडी फारशी चाललेली नव्हती. कोट्यवधींच्या गाडीच्या बाबतीत जे राहून गेले, ते पार्किंगमधल्या हॅचबॅकच्या बाबतीत राहून जाणे अगदी स्वाभाविक आहे.

‘टायर फुटला’ म्हणजे नशीब की निष्काळजीपणा?

मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका गाडीचे मागचे चाक फुटले आणि गाडी खोलगट भागात कोसळली. त्यात ३८ वर्षांचा, घरातला एकमेव कमावता माणूस गेला. अपघात दावा न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणे ही देवाची करणी आहे, त्याला कोणी जबाबदार कसे, असा तिचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी तो फेटाळला. अति वेग, हवा कमी किंवा जास्त असणे, सेकंडहँड टायर, तापमान अशी टायर फुटण्याची कारणे असतात. प्रवासाआधी टायरची स्थिती तपासणे हे चालकाचे किंवा मालकाचे काम आहे. त्यामुळे हा मानवी निष्काळजीपणा ठरतो, असा त्या निकालाचा आशय आहे.

हा निकाल नुकसानभरपाईच्या खटल्यातला असला तरी जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवायला हवा. मोटार विम्याच्या पॉलिसीतही गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकणारी अट असते. शिवाय नुसता टायर फुटला आणि गाडीला काही झाले नाही, तर नेहमीच्या पॉलिसीत टायरचे पैसे मिळतच नाहीत. गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत.

याची दुसरी बाजूही आहे. ‘टायर फुटला’ हे आपल्याकडे प्रत्येक अपघाताचे तयार कारण झाले आहे. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही चालकाने टायर फुटल्याचेच सांगितले होते. परिवहन विभागाच्या अहवालाने ते मान्य केले नाही. म्हणजे टायर नसतानाही टायरवर खापर फुटते आणि टायर असतानाही नशिबावर. दोन्हीकडे टायर नीट बघितलेला नसतो.

कायदा काय बघतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ टायरच्या स्थितीबद्दल आहे. कारसाठी खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर, दुचाकी आणि तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर. टायरच्या खाचांत तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. बाजूच्या भिंतीवर त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय ही अक्षरे त्यांची जागा दाखवतात. झीज त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला.

समृद्धीवर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली, ते स्वागतार्हच होते. पण अशी तपासणी खाचांची होते. नियमात कारच्या टायरला वयाची अट नाही. त्यामुळे २०१२ सालचे, जवळजवळ न झिजलेले टायर लावलेली गाडी त्या तपासणीतून सहज पुढे जाते आणि ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या रस्त्याला लागते. खासगी गाडीची पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते, तेव्हाही चार आकडे कोणी वाचावेत अशी सक्ती नाही. पीयूसीसाठी मात्र बीएस-४ आणि नंतरच्या गाड्यांना दरवर्षी, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी केंद्रावर जावेच लागते. तिथे नंबर प्लेटचा फोटो निघतोच. त्याच वेळी चार टायरच्या तारखा टिपून मालकाच्या हातात एक चिठ्ठी दिली, तरी दंड न करता, नवा कायदा न आणता बरेच काही साधेल. वयाची सक्ती करण्याआधी निदान वयाची माहिती तरी मालकापर्यंत पोहोचायला हवी.

झीज वाचायची कशी?

जुन्या गाडीत टायर हे नुसते टायर नसतात, गाडीच्या खालच्या भागाचा रिपोर्ट असतात. मध्यभागी जास्त झीज झाली असेल तर हवा सतत जास्त भरली गेली. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी होती. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. टायरवरून हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तरी तोच दोष. आणि पृष्ठभागावर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे दिसले तर शॉक ॲब्सॉर्बर बसलेले आहेत किंवा बॅलन्सिंग गेलेले आहे.

अनेक मालक इथे चुकतात. एक कड खाल्लेला टायर बघून ते दोन नवे टायर घेतात, दुकानात अलाइनमेंट करून घेतात आणि सहा महिन्यांत नव्या टायरचीही तीच कड खाल्ली गेली की टायर कंपनीला दोष देतात. दहा-बारा वर्षांच्या गाडीत लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके सैल झालेली असतात. खाली खेळ असेल तर अलाइनमेंट मशीनवर आकडे बरोबर येतात आणि पहिल्या खड्ड्यात पुन्हा हलतात. नव्या टायरसाठी दहा-बारा हजार काढायचे असतील, तर आधी गाडी लिफ्टवर चढवून चाके हलवून बघायला मेकॅनिकला सांगावे. बुशचे काम हजार-दोन हजारांनी खर्च वाढवेल, पण टायर वाचवेल. क्रम उलटा झाला तर दोन्हीकडचे पैसे जातात.

रोटेशन कशासाठी, आणि केव्हा नाही?

ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो, आय टेन अशा बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढची चाके फिरवते. ओढणे, वळणे, ब्रेकचा मोठा वाटा आणि इंजिनाचे वजन, सगळा भार पुढच्या दोन टायरवर. मागचे दोन नुसते मागून येतात. साहजिकच पुढचे लवकर झिजतात आणि मागचे वर्षानुवर्षे तसेच राहतात.

म्हणून दर पाच ते दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागा बदलायच्या. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. पुढून ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर त्याच बाजूने सरळ मागे जातात आणि मागचे पुढे येताना बाजू बदलतात : मागचा डावा पुढे उजवीकडे, मागचा उजवा पुढे डावीकडे. ओम्नी, बोलेरो, सुमो, जुनी इनोव्हा अशा मागून ढकलणाऱ्या गाड्यांत उलटे : मागचे सरळ पुढे, पुढचे बाजू बदलून मागे. टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढचा मागे आणि मागचा पुढे. स्टेपनी त्याच मापाची आणि तशाच रिमवर असेल तर तिलाही फेरीत घेता येते. मग पाच टायर सारखे झिजतात आणि स्टेपनी डिकीत पडून म्हातारी होत नाही. जी गाडी वर्षाला चार हजारच चालते, तिने किलोमीटरची वाट न बघता वर्षा-दीड वर्षाने जागा बदललेल्या बऱ्या.

पण रोटेशन ही सवय आहे, उपचार नाही. चार वर्षे काहीच केले नाही, पुढचे टायर दोन मिलिमीटरवर आले, मागचे सहावर आहेत, आणि आता ‘रोटेशन करून टाका’ म्हटले तर संपत आलेले टायर मागे जातील. ते धोक्याचे का, हे पुढच्या मुद्द्यात येईल. फरक इतका वाढला असेल तर रोटेशनची वेळ निघून गेलेली असते. तेव्हा टायर बदलायचे. तसेच वाटीसारखे खळगे पडलेला किंवा एक कड खाल्लेला टायर मागे टाकल्याने आवाज फक्त मागे जातो, दोष तिथेच राहतो.

दोनच नवे टायर घेतले तर कुठे बसवायचे?

लहान गाडीचा एक चांगला टायर साधारण तीन ते पाच हजारांना पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने थोडा दिलासा मिळाला, तरी चार टायर एकदम घेणे सगळ्यांना जमत नाही. बारा वर्षांच्या गाडीची विक्रीची किंमतच दीड-दोन लाख असताना तिच्यावर वीस हजार घालावेत का, हा प्रश्नही घरात निघतोच. मग दोन घेतले जातात. दुकानदार न विचारता ते पुढे बसवतो. ‘पुढे स्टिअरिंग आहे, पुढचा फुटला तर गाडी हातात राहत नाही,’ हे त्याचे कारण ऐकायला पटते.

टायर कंपन्यांचा सल्ला याच्या नेमका उलट आहे. नवे दोन टायर मागे आणि त्यातल्या त्यात बरे जुने दोन पुढे. गाडी पुढून ओढणारी असली तरी.

कारण पावसात कळते. खाचांचे काम पाणी बाजूला सारणे हे आहे. खाचा उथळ झाल्या की पाणी टायरखाली साचते, टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्हींचा उपयोग संपतो. पुढची चाके अशी तरंगली तर स्टिअरिंग हलके लागते, चालकाला कळते, तो पाय काढतो, वेग उतरतो आणि गाडी सरळ जात राहिली तरी पुन्हा पकड येण्याची शक्यता असते. मागची चाके सुटली तर हाताला काहीच कळत नाही. गाडीचा मागचा भाग बाजूला फिरतो आणि क्षणात तोंड उलटे होते. तिथून गाडी सावरणे सरावलेल्या चालकालाही कठीण, घरच्या चालकाला जवळजवळ अशक्य. नव्या महागड्या गाड्यांत हे सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. जुन्या लहान गाडीत ती नसते. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले तेच एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे अशा अनेक गाड्यांत तेही नसते. त्यांच्याकडे भरवशाचे जे काही आहे, ते टायरच.

पुढचा टायर फुटण्याच्या भीतीचे काय? ती भीती खरी आहे. पण फुटण्याइतका जुना टायर पुढे नको म्हणून तो मागे ढकलणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसा टायर गाडीवरच नको. उच्च न्यायालयात गेलेल्या त्या अपघातात फुटलेले चाक मागचेच होते.

नवे पुढे बसवण्याच्या सवयीतून आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पुढचे टायर झिजतात, बदलले जातात. पुन्हा झिजतात, पुन्हा बदलले जातात. मागचे झिजत नाहीत म्हणून त्यांची पाळीच येत नाही. गाडी शोरूममधून निघाली तेव्हाचे टायर बारा वर्षांनीही मागे असतात, ग्रिपसह. मे महिन्यात खाचांत बोट घालून समाधानाने उठणारा मालक बहुधा याच टायरपाशी वाकलेला असतो. नवे मागे आणि मागचे पुढे, हा क्रम ठेवला तर मागचे टायर पुढे येऊन झिजतात आणि वेळेत बाद होतात. रोटेशनची आठवण न ठेवणाऱ्यालाही मग कोणताच टायर दहा वर्षांचा होईपर्यंत सांभाळावा लागत नाही.

खरेदी करताना

टायरच्या भिंतीवर ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ असे काहीतरी लिहिलेले असते. १६५ मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, १४ इंची रिम. ८५ हा भाराचा क्रमांक, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा. माप, भार आणि वेग यांपैकी काहीही मूळच्यापेक्षा कमी घ्यायचे नाही. एकाच अक्षावर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर नकोत. आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६३३ हा क्रमांक बघावा. आणि पैसे देण्याआधी तेच चार आकडे. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला टायर ‘नवाच आहे’ म्हणून पुढे केला जातो. सहा महिने-वर्षभरापूर्वीचा चालतो. त्याहून जुना असेल तर दुसरा मागावा, किंवा निदान किमतीत तो हिशेब व्हावा.

सेकंडहँड टायरच्या वाटेला जाऊ नये. काळी पॉलिश मारलेल्या, तापवलेल्या पात्याने खाचा पुन्हा कोरलेल्या टायरचा बाजार आपल्याकडे उघड चालतो. कोरलेल्या खाचेत खोली दिसते, पण ती खालच्या रबरातून उसनी घेतलेली असते आणि तारांवरचे आवरण तेवढे पातळ झालेले असते. पैसे कमी असतील तर साध्या कंपनीचे दोन नवे टायर हे नामांकित कंपनीच्या चार वापरलेल्या टायरपेक्षा बरे.

ट्यूबलेस टायर बदलताना रबरी वॉल्व्हही बदलून घ्यावा. त्याची किंमत अगदी किरकोळ असते, आणि तोही टायरएवढाच जुना झालेला असतो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट तर हवेच. नट आवळल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघावा.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची का?

नाही. गरम होऊन हवा फुगेल आणि टायर फुटेल म्हणून आधीच कमी भरावी, हा सल्ला पेट्रोल पंपावर हमखास मिळतो. कंपनीने ठरवलेला दाब उष्णतेने होणारी वाढ गृहीत धरूनच दिलेला असतो. हवा कमी असली तर टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो, म्हणजे जे टाळायचे तेच घडते. दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो, भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा आणि थोडा जास्त. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. दाब सकाळी, गाडी थंड असताना मोजायचा आणि महिन्यातून एकदा तरी. चांगल्या टायरमधूनही हवा थोडी थोडी जातच असते. नायट्रोजन भरला तरी मोजणे चुकत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

पावसाळ्याआधी मात्र १.६ मिलिमीटरची वाट बघू नये. तो कायद्याचा शेवटचा आकडा आहे. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते, आणि तीनच्या खाली उतरलेला टायर कोरड्या रस्त्यावर चालून जातो पण जुलैतल्या घाटात पाणी सारायला कमी पडतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर नेहमी जाणे असेल तर तीन मिलिमीटरलाच टायर काढावा.

राहिली स्टेपनी. नवे टायर घेतल्यावर काढलेल्यांपैकी बरा टायर स्टेपनीत टाकायची पद्धत आहे आणि ती वाईट नाही, पण तारीख बघून. गाडीबरोबर आलेली, कधीच न वापरलेली, बारा वर्षांची स्टेपनी नवीकोरी दिसते आणि रात्री अकरा वाजता रस्त्याच्या कडेला तीच लावून पुढे दोनशे किलोमीटर जायचे असते. काढलेला पाच वर्षांचा, निम्मा झिजलेला टायर तिच्याऐवजी आत गेलेला बरा. आणि डिकीतले सामान काढायचा कंटाळा आला तरी महिन्याच्या हवेत पाचवे चाक धरावेच.